उन्हाळी पाळी लागण्याआधी मोटरीच्या केबलचा रोध काढा

शिमगा झाला की पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठावरच्या मोटरी एकदम पाण्याला लागतात आणि त्याच सुमारास जळालेली मोटर भरून (नव्या तारेने गुंडाळून) घ्यायला रांगा लागतात. तेवढ्या दिवसांत फुटव्यातला ऊस सुकतो. मेलेला फुटवा पुढे कितीही पाणी पाजलं तरी परत येत नाही. बेणं चांगलं, खत वेळेवर, आणि प्लॉट गेला तो केबलच्या सांध्यापायी, हे मी दरवर्षी बघतोय. म्हणून या खेपेला बाकीची कामं थोडक्यात सांगतो, केबल सविस्तर.

सुरू (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसाची कामं:
– खत हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश
– नत्र लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला ४०
– नांग्या (न उगवलेल्या जागा) भरणे, तण काढणे, बाळबांधणी (बुडाला हलकी माती लावणे)
– खोडव्यात पाचट न जाळता सरीत. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत

आता केबल. तिचा रोध म्हणजे ती करंटला किती अडवते ते. लाईट आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मोजा, कारण ऑटोवर सोडलेल्या सगळ्या मोटरी तेव्हाच उठतात आणि व्होल्टेज सगळ्यात खाली असतं. स्टार्टरच्या पेटीपाशी, मोटर चालू असताना, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज घ्या. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) तिन्ही तारांचे अँपिअर घ्या. मग मोटरीच्या टोकाला पुन्हा व्होल्टेज घ्या. पाणबुडी मोटर असेल तर विहिरीच्या तोंडाशी, केबल जिथं खाली उतरते तिथं. चालू लाईनीवरचं हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

समजा ५ एचपीची मोटर आहे. पेटीत ४०५ व्होल्ट, मोटरीपाशी ३७२, अँपिअर ८.५. वाटेत ३३ व्होल्ट गळाले. थ्री फेज असल्यामुळे ३३ ला १.७३ ने भागा, १९ आले. १९ ला ८.५ ने भागा, म्हणजे एका तारेचा रोध ढोबळमानाने निदान २.२४ ओहम.

हा आकडा बरा की वाईट? १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम धरा. ४ चौरस मिलिमीटरची ३०० मीटर केबल असेल तर तो १.४ च्या आत यायला हवा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर दीडपटीहून थोडा जास्त धरा. आपला आला २.२४. वरचे ०.८ ओहम सांध्यांत बसलेत. त्यांची उष्णता काढायची तर अँपिअरचा वर्ग गुणिले रोध: ८.५ × ८.५ × ०.८, जवळजवळ ५८ वॅट. टेपेखाली एक ६० वॅटचा बल्ब गुंडाळून ठेवल्यासारखं आहे हे, आणि ते प्रत्येक तारेत. अख्ख्या केबलचा हिशेब केला तर तिन्ही तारांत मिळून ४८५ वॅट, आठ तासांच्या पाळीला जवळजवळ ४ युनिट नुसती तार तापवण्यात जातात.

मोटर घेते किती तेही काढा: १.७३ × ३७२ × ८.५ × ०.८ (पॉवर फॅक्टर) = सुमारे ४.४ किलोवॅट. मात्र ३७२ ला ८.५ ने भागून जे येईल त्याला वायंडिंगचा रोध समजू नका. एसीवर गुंडाळी चुंबकत्वामुळेही करंटला अडवते, त्यामुळे ते गणित फसतं.

व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर अँपिअर जादा ओढते. अँपिअर २० टक्के वाढले तर वायंडिंगमधली उष्णता ४४ टक्के वाढते. मोटर जळते ती अशी. त्यात ओव्हरलोड रिले (अँपिअर जादा झाले की मोटर बंद पाडणारा) मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा वर फिरवून ठेवलेला असतो. तो आजच खाली आणा.

दुकानदाराकडे गेलात तर तो साडेसात एचपीची मोटर दाखवेल, नाहीतर बूस्टर, नाहीतर वीज वाचवणारी डबी. घेऊ नका. मोठी मोटर १२ अँपिअर ओढेल आणि त्याच केबलवर ४६ व्होल्ट गळतील, म्हणजे दुखणं वाढेल. आधी सांधे सोडवा, तार घासून लखलखीत करा, दाबून बसवायच्या स्लीव्हने जोडा. तरीही गळती राहिली तर त्याच पैशांत ६ चौरस मिलिमीटरची केबल घ्या. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर तेवढा लावा, तो खरंच उपयोगी आहे. मोटर चालू असताना पेटीतच ३९० च्या खाली दिसत असेल तर दोष तुमच्या केबलचा नाही. आकडे आणि वेळ लिहून महावितरणला लेखी अर्ज द्या.

माझा अनुभव असा की २०१९ किंवा २०२१ च्या पुराखाली गेलेल्या केबलचा रोध हिशेबापेक्षा जादाच निघतो. टेप सोडली की आत तांबं हिरवं पडलेलं असतं. अशी केबल असेल तर मोजणीची वाट बघू नका, सांधे थेट उघडा. मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) मोटरीचं इन्सुलेशनही तपासून घ्या, ते १ मेगओहमच्या वर हवं.

आणि मार्चमधल्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. तांबं ३० अंशांनी तापलं तर रोध १२ टक्के चढतो, त्यामुळे मेच्या दुपारी हीच केबल याहून जास्त व्होल्ट खाईल. उपसाबंदी (नदीतून पाणी उपसायला मनाई) लागली की मोटरी बंदच असतात. तेव्हा मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि राहिलेले सांधे त्याच दिवसांत करून घ्या.