स्वतःचा मास्टोडॉन सर्व्हर उभारताना या चुका टाळा

मराठवाड्यातील एखादे वाचनालय, शेतकरी गट किंवा महाविद्यालय कंपन्यांच्या समाजमाध्यमांना पर्याय म्हणून स्वतःचे माध्यम उभारू लागले, तर सॉफ्टवेअर ही त्यातली सर्वांत सोपी बाब असते. 2016 पासून उपलब्ध असलेले मास्टोडॉन हे स्वतःच्या सर्व्हरवर समाजमाध्यम चालवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जानेवारी 2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेल्या ॲक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलमुळे, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या सामायिक नियमांमुळे, लातूरच्या सर्व्हरवरील सदस्याला जर्मनीतील सर्व्हरवरील माणसाशी थेट संवाद साधता येतो. अडचण येते ती बहुधा सगळी सूत्रे एकाच उत्साही तरुणाच्या हाती राहिल्यामुळे; मग विकेंद्रित म्हणवणारे हे माध्यम प्रत्यक्षात एका माणसाच्या मोबाइलवर आणि बँक खात्यावर चालते.

याची सुरुवात डोमेनपासून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील नावापासून होते. सदस्याचा पत्ता डोमेनसह तयार होत असल्याने सर्व्हर चालू झाल्यावर डोमेन बदलता येत नाही, म्हणून त्याची नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवरच करावी. ज्याच्या वैयक्तिक कार्डावरून पैसे भरले तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नूतनीकरण राहून गेले, तर पत्त्यांसह सगळेच हातचे जाते. आकर्षक दिसते म्हणून परदेशी देशाचे डोमेन घेण्याचा मोहही टाळावा. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या ‘.एएफ’ डोमेनवरील एक मास्टोडॉन सर्व्हर तेथील सरकारने डोमेन निलंबित केल्यामुळे बंद पडला. देवनागरी डोमेनचे आकर्षण मला समजते, परंतु मास्टोडॉनमध्ये वापरकर्तानाव आजही रोमन अक्षरांतच घ्यावे लागते, त्यामुळे तूर्त डोमेनही रोमन ठेवून सदस्यांनी प्रदर्शित नाव मराठीत लिहिणे व्यवहार्य ठरते.

घरातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवण्याचा प्रयोग शिकण्यासाठी उत्तम असला, तरी सदस्यांना बोलावण्यासाठी तो पुरेसा नाही. इंटरनेटच्या अनेक जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरील यंत्राचा क्रमांक) बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असल्याने बाहेरून आपल्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही. भारनियमनाचा प्रश्न त्यानंतरचा. सात वेगवेगळ्या दिवशी आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यात अपयश आले, की इतर मास्टोडॉन सर्व्हर त्याला अनुपलब्ध मानतात आणि नवे संदेश पाठवणे थांबवतात. त्यामुळे होस्टिंग कंपनीकडून भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे तिच्या यंत्रावरील आपला स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेणेच बरे.

नोंदणीचे ईमेल सदस्यांना मिळत नसतील, तर होस्टिंग कंपनीने पोर्ट 25 हा ईमेल पाठवण्याचा मार्ग बंद ठेवला आहे का आणि ईमेल खरोखर आपल्या डोमेनवरूनच आल्याची खात्री देणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी बरोबर आहेत का, हे तपासावे. ‘माझी पोस्ट दुसरीकडे दिसत नाही’ अशी तक्रार आल्यास मास्टोडॉनची मागे चालणारी कामे सांभाळणाऱ्या साइडकिकमधील रांग पाहावी. कामे साचत असतील तर मेमरी किती उरली आहे हे पाहूनच थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या, वाढवावेत.

सर्वांत फसवी अडचण डिस्कची आहे. आपल्या सदस्यांनी फारसे फोटो टाकले नाहीत, तरी ते ज्यांना फॉलो करतात त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती आपल्या सर्व्हरवर साठत राहतात. डिस्क पूर्ण भरली की पोस्टग्रेस हा मास्टोडॉनचा डेटाबेस लिहिणे थांबवतो आणि सगळेच ठप्प होते. प्रशासन विभागातील साठवणुकीच्या मुदतीची सोय पहिल्याच दिवशी चालू करावी किंवा टूटसीटीएल या मास्टोडॉनच्या आज्ञा-साधनाने इतर सर्व्हरवरून आलेली छायाचित्रे व चित्रफिती नियमित काढाव्यात. बॅकअपमध्येही हीच बेफिकिरी दिसते: डेटाबेसची प्रत घेतली जाते, मात्र गुप्त किल्ल्या असलेली ‘.ईएनव्ही.प्रॉडक्शन’ ही फाइल राहून जाते, आणि तिच्याशिवाय परत उभारलेल्या सर्व्हरवर द्विस्तरीय लॉगिन (पासवर्डबरोबर दुसरा संकेतांक मागणारे) चालत नाही. कधीतरी दुसऱ्या यंत्रावर बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय तो आहे असे धरू नये.

सदस्यांना खोटा दिलासा देणे ही याहून गंभीर चूक होय. मास्टोडॉनवरील खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे, नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतात. शिवाय दुसऱ्या सर्व्हरवर खाते हलवल्यास फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. या दोन्ही गोष्टी नोंदणीच्या पानावर मराठीत स्पष्ट लिहाव्यात.

देखरेखीसाठी निवडलेल्या माणसांना मराठीबरोबर दखनी आणि उर्दूही समजायला हवी, कारण जातीवरून किंवा धर्मावरून केलेली शिवीगाळ यंत्राला कळत नाही आणि परगावच्या नियंत्रकालाही नेहमी उमगत नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे द्यावा लागतो. 50 लाख वापरकर्त्यांच्या वर जाणाऱ्या माध्यमांवर अधिकची बंधने आहेत, पण म्हणून लहान सर्व्हर या मूळ जबाबदारीतून सुटत नाही.

मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत येऊ इच्छिणाऱ्या सर्व्हरांसाठी असलेल्या सर्व्हर करारात रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणारी किमान दोन माणसे आणि बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना या अटी आहेत. संस्थेने या तीन अटी आपल्या ठरावात लिहून घ्याव्यात आणि दुसऱ्या माणसाने पासवर्ड टाकून, सर्व्हर पुन्हा सुरू करून दाखवल्यावरच पहिल्या सदस्याला निमंत्रण पाठवावे.