‘चाललंय’ म्हणणाऱ्या गड्याला विचारताना या चुका टाळा

तासगावच्या बेदाणा सौद्यातून परतणाऱ्याला ‘कसं काय?’ विचारलं की ‘चाललंय’ एवढंच उत्तर येतं, आणि आपण गाडीला किक मारतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दहांपैकी सात पुरुष होते.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसं होत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. बाजूला घ्या, बांधावर बसा आणि स्पष्ट विचारा, ‘दादा, जीव द्यावा असं मनात येतंय का?’ मग गप्प राहा. ही शांतता सोसवत नाही, पण तेवढी सोसायचीच. तो ‘हो’ म्हणाला तर दचकू नका, रागावू नका.

रडणाऱ्या माणसाकडंच लक्ष जातं, हीही चूकच. गडी माणूस बहुतेकदा रडत नाही. तो चिडतो, दारू वाढवतो, झोपत नाही, भिशीला यायचं बंद करतो. ‘माझ्यामागं पोरांकडं बघा’ असं सहज बोलून जातो किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. ‘बोलून दाखवणारा काही करत नाही’ ही समजूत तर फारच घातक आहे.

‘बायकापोरांचा विचार कर’ असं सांगू नका. तो तोच विचार करत असतो आणि आपण त्यांच्यावर ओझं झालोय, असं त्याला वाटत असतं. ‘कर्जानं गेला’ असं एकच कारण ठोकून देणंही चूक. कर्जाला आजार, व्यसन, घरातला ताण असं बरंच काही येऊन मिळतं.

‘कुणाला सांगू नको’ अशी शपथ घेऊ नका. धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. त्यानं जीव द्यावा वाटण्याची ती तीव्र लाट ओसरायला अवधी मिळतो. १४४१६ या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतून बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. पोलिसांचं लचांड लागेल म्हणून आत्महत्येचा प्रयत्न लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावात असल्याचं गृहीत धरून सहसा शिक्षेपासून संरक्षण दिलंय.

सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं, गोळ्या सुरू झाल्या, की घरचे निर्धास्त होतात. पण दवाखान्यातून आल्यानंतरचे आठवडे नाजूक असतात. रविवारी फोन करा. बुधवारी बागेत चक्कर मारा, छाटणीला हात लावा.