कूपन कापायच्या आधी ड्रॉइंग उघडा

भोसरीतल्या दाबाच्या टाक्या बनवणाऱ्या ज्या शॉपमध्ये मी क्यूसीला, म्हणजे तपासणीला लागले, तिथे पहिल्याच वर्षी एक कूपन फुकट गेलं. कूपन म्हणजे वेल्डिंगची पद्धत सिद्ध करण्यासाठी जोडून, कापून, तोडून बघायच्या दोन प्लेटी. एसए-५१६ ग्रेड ७० या स्टीलची १६ एमएमची प्लेट उरलेल्या मालात सापडली, म्हणून तीच घेतली. टेन्साइल (ओढून तोडणं) पास, बेंड (वाकवणं) पास, मायनस ४६ अंशांना इम्पॅक्ट (गारठवून घाव घालून तोडणं) पास. पेढे आणायचे तेवढे राहिले होते. मग इन्स्पेक्टरने ड्रॉइंग पसरलं आणि विचारलं, "मॅडम, शेल किती एमएमचं?"

शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, होतं १० चं.

इम्पॅक्ट टेस्ट न लागणाऱ्या साध्या कामाला १६ चं कूपन ५ पासून ३२ एमएमपर्यंत चालतं. पण इम्पॅक्ट आला की एएसएमई सेक्शन नाइन, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धती आणि वेल्डर तपासायचं अमेरिकन कोड, खालची हद्द वर सरकवतं: कूपनची जाडी किंवा १६ एमएम, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आमची सगळी मेहनत १६ च्या खाली कामाची नव्हती. १० चं कूपन घेतलं असतं तर १० ते २० निघालं असतं. लॅबचं बिल दुसऱ्यांदा भरलं.

तेव्हापासून माझी सुरुवात ड्रॉइंगपासून होते. एका कागदावर सगळ्या जाड्या लिहून काढते: शेल, डिश एंड (टाकीची दोन टोकं), पॅड (नोझलभोवतीची जादा प्लेट) आणि नोझलची, म्हणजे टाकीला जोडलेल्या तोंडाची नळीसुद्धा. इम्पॅक्टचं काम असेल तर सर्वात पातळ जाडीवर कूपन ठरवायचं. शेजारी मटेरियलचा पी-नंबर आणि ग्रुप (एएसएमईने सारख्या धातूंचे केलेले गट) लिहायचा. एसए-३३३ ग्रेड ६ ची नळी आणि एसए-५१६ ग्रेड ७० ची प्लेट, दोघींचा पी-नंबर १, पण नळी ग्रुप १ मध्ये आणि प्लेट ग्रुप २ मध्ये. एरवी त्याने काही अडत नाही, इम्पॅक्टला अडतं. पीडब्ल्यूएचटी, म्हणजे वेल्डनंतर ठरवून तापवणं, आहे की नाही तेही तेव्हाच बघा. पीडब्ल्यूएचटी न केलेल्या कूपनवर पीडब्ल्यूएचटीचा जॉब होत नाही, उलटही होत नाही. आणि टाकी दाबाखालच्या गॅसची असेल तर एएसएमईच्या जोडीला एसएमपीव्ही नियम २०१६ (दाबाच्या टाक्यांचे सरकारी नियम) आणि ते राबवणारं नागपूरचं पेसो, स्टीमचं काम असेल तर आयबीआर, म्हणजे बॉयलरचे नियम. हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्या.

आता कूपनचा दिवस. मी वही, स्टॉपवॉच, टंग टेस्टर (करंट मोजायला), स्केल आणि टेम्परेचर चॉक (तापमान दाखवणारा खडू) घेऊन वेल्डरशेजारी स्टूल टाकून बसते. मशीनच्या डायलवर माझा भरवसा नाही. प्रत्येक पासला, म्हणजे वेल्डच्या थराला, व्होल्ट, अँपिअर, रॉडचा साइज, किती एमएम किती सेकंदांत आणि पुढचा पास सुरू करताना प्लेटचं तापमान. त्यावरून हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर एमएमला दिलेली उष्णता, काढायची. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला एमएम. २४ व्होल्ट, १२० अँपिअर, मिनिटाला ८० एमएम, तर हीट इनपुट २१६० जूल प्रति एमएम, म्हणजे २.१६ किलोजूल.

इथे नवे लोक फसतात. इम्पॅक्टच्या कामात कूपनवर नोंदलेलं हीट इनपुट हीच शॉपमधली वरची मर्यादा होते. आमचे मामा, सर्वांत जुने वेल्डर, कूपन म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखे बारीक, सरळ बीड (वेल्डची ओळ) टाकायचे. हीट इनपुट १.१ किलोजूल. दिसायला सुरेख, पण त्या मर्यादेत पोरांना जॉबवर उभ्या जॉइंटला विव्हिंग, म्हणजे रॉड डावी-उजवी हलवणं, करताच येईना. पुढच्या वेळी मी म्हटलं, "मामा, जॉबवर करता तसंच करा." ते म्हणाले, "मग ताई, तुम्ही घड्याळ लपवा." आणखी एक युक्ती: कूपन ३जीमध्ये, म्हणजे प्लेट उभी ठेवून, खालून वर (व्हर्टिकल अप) वेल्ड करा. इम्पॅक्टच्या कामात दुसऱ्या पोझिशनवरून व्हर्टिकल अपला जाता येत नाही, पण व्हर्टिकल अपवरून बाकी सगळीकडे जाता येतं.

लॅबमध्ये दोन टेन्साइल, चार बेंड, आणि इम्पॅक्टचे तीन नमुने वेल्डमधून, तीन हीट अफेक्टेड झोनमधून, म्हणजे वेल्डशेजारच्या तापलेल्या प्लेटमधून. ग्रेड ७० ला टेन्साइल किमान ४८५ एमपीए हवं. बेंडवर ३ एमएमपेक्षा मोठी चीर नको. १० च्या प्लेटमधून पुरा १० बाय १० चा इम्पॅक्ट नमुना निघत नाही, ७.५ चा काढावा लागतो. लॅबला आधी कळवा.

पीक्यूआर म्हणजे त्या दिवशी जे झालं त्याची नोंद. ११८ अँपिअर वाचलं तर ११८ च लिहायचं, १२० नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे जॉबवर पाळायची लेखी पद्धत, मात्र आपण लिहितो, आणि नॉन-इसेन्शियल (वेल्डच्या ताकदीवर परिणाम न करणाऱ्या) गोष्टी त्यात नव्या टेस्टशिवाय बदलता येतात. दोन्ही कागद एकाच साच्यातून छापणारे शॉप मी पाहिलेत. तिथे पीक्यूआरमध्ये "९० ते १३०" असं लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टर तिथेच पेन खाली ठेवतो.

वेल्डर क्वालिफिकेशन वेगळं. ते त्या माणसाच्या हाताचं. सहा महिने ती प्रोसेस केली नाही तर संपलं, म्हणून रजिस्टर दर महिन्याला भरा.

पावसाळ्याचं सांगते. ई७०१८-१ या वेल्डिंगच्या रॉडला ओल चालत नाही, ओलीतल्या हायड्रोजनने वेल्ड तडकतं, आणि ती तडक कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसते. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या तापमानाला तेवढा वेळ मोठ्या ओव्हनमध्ये बेक करा, मग पोर्टेबल ओव्हनमधून एकेक रॉड काढा. आमच्याकडे जुलैत एकाने पोर्टेबलचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता. आता तिथे एकच सॉकेट ठेवलंय.

डब्ल्यूपीएस इंग्रजीत फाइलमध्ये असतं. शॉपमध्ये मी त्याचा मराठी तक्ता लावते: रॉड, अँपिअर, प्रीहीट (वेल्डआधी प्लेट किती तापवायची), आणि एका रॉडमध्ये किमान किती एमएम बीड पडली पाहिजे. त्या लांबीवरून वेल्डरला हीट इनपुट हिशोबाशिवाय कळतं.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी मी पाच जॉइंट निवडून उलटी जाते: जॉइंट नंबर, वेल्डरचा स्टॅम्प, त्याचं क्वालिफिकेशन, डब्ल्यूपीएस, पीक्यूआर, रॉडचा बॅच, प्लेटचा हीट नंबर (स्टील कारखान्यातल्या ओताचा नंबर). पाचातला एक नेहमी नोझलचा घेते. काही निघालं तर बहुधा तिथेच निघतं.