प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस असा काढा
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात लाइट गेली-आली की राउटर प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्यायचा, आणि टेम्पो दारात उभा असताना चलन निघायचं नाही. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीच्या ओळख क्रमांकाला, एकच आयपी बांधून दिला, प्रश्न मिटला.

हा मॅक बहुतेकदा मागच्या स्टिकरवर असतो. तिथे सुताची धूळ बसून अक्षरं पुसली असतील, तर प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंगचं पान छापा. तेही जमत नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आधी 'पिंग', एक जागा सोडून प्रिंटरचा आयपी टाइप करा, मग 'एआरपी', एक जागा सोडून 'हायफन ए' टाइप करा. त्या आयपीसमोर मॅक दिसेल. कॉम्प्युटर मात्र त्याच नेटवर्कवर हवा, नाहीतर प्रिंटरची नोंद दिसणारच नाही.

मॅकमध्ये १२ खुणा असतात, ० ते ९ आणि ए ते एफ एवढ्याच. म्हणून 'ओ'सारखं दिसेल ते शून्यच समजा. ८ आणि बी मात्र नीट निरखून पाहा. केबल आणि वायफायचे मॅक वेगवेगळे असतात. प्रिंटर ज्यावर चालतो, तोच उतरवून घ्या.