थंडीत जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही? दोष असा शोधा

डिसेंबर लागला की सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मेढ्यात पहाटे कुणाच्या ना कुणाच्या दारातून जुन्या जीपची घुरघुर ऐकू येते. स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून झालेले असतात, साताऱ्याची वाट धरायची घाई असते आणि गाडी काही उठत नाही. मग सगळा दोष थंडीवर जातो.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या मोजक्या पहाटा सोडल्या, तर आपल्याकडची थंडी दहा-बारा अंशांची. एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन सुरू व्हायलाच हवं. होत नसेल तर कुठेतरी जुनाच दोष आहे आणि उन्हाळ्यात तो झाकला गेला होता. आधी तो सापडू द्या, मगच पैसे खर्च करा.

तपासणी गार इंजिनावरच करायची. दुपारी गाडी तापल्यावर मिस्त्रीकडे नेली तर ती हाक मारल्यासारखी सुरू होते आणि मिस्त्रीला दोष दिसतच नाही. रात्रभर उभी असलेली गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि एकाला सायलेन्सरकडे बघायला उभं करा. नेहमीसारखा हीटर देऊन (सुरू करण्याआधी किल्लीनं इंजिनातले हीटर प्लग तापवून) दहा सेकंद सेल्फ मारा. इंजिन कसं फिरतं आणि धूर कसा येतो, एवढंच बघायचं.

इंजिन जड, ओढत फिरत असेल किंवा नुसतं ‘टक’ वाजत असेल तर आधी बॅटरीकडे जा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना काटा ९.५ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी भरतच नाही. आधी पट्टा आणि अल्टरनेटर बघा.

बॅटरी चांगली निघाली तरी थांबू नका. दोन वर्षांपूर्वी मी याच तक्रारीवर नवी बॅटरी बसवली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी दोष निघाला इंजिनाच्या अर्थ वायरीत, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे जोडणाऱ्या वायरीत. वरून धड दिसणारी वायर बोल्टखाली हिरवी पडून कुजली होती. तेव्हापासून मी ही तपासणी चुकवत नाही: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

इंजिन छान फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, डिझेलचा वासही येतोय, पण पेट घेत नाही? म्हणजे डिझेल पोहोचतंय, उष्णता कमी पडतेय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून प्यूजो इंजिनाच्या जुन्या महिंद्रा जीपसारख्या गाड्यांना प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चारातला एक जळाला तर गाडी थरथरत, धूर टाकत सुरू होते. दोन-तीन जळाले तर उठतच नाही.

प्लग तपासायला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरे. चारही प्लगना जोडणारी पट्टी आधी काढा. ती राहिली तर एका चांगल्या प्लगमुळे चारही चांगलेच दिसतात. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग जळालाय. चारही शाबूत असतील तर पट्टीला येणारी वायर बघा. लॅम्पचं एक टोक इंजिनाला, दुसरं त्या वायरीला लावून किल्ली हीटरवर फिरवा. दिवा नाही लागला तर फ्यूज किंवा रिले गेलाय.

धूर अजिबात येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. बहुतेक वेळा कुठल्यातरी सैल जोडातून किंवा झिजलेल्या वॉशरमधून हवा शिरते आणि रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप दाबा. बराच वेळ पोकळ लागून मग घट्ट झाला आणि गाडी लगेच उठली, तर दोष हाच. खात्री हवी असेल तर सकाळी फिरवून आणलेली गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवा. संध्याकाळीही तोच त्रास झाला तर थंडीचा काही संबंध नाही, टाकीपासून पंपापर्यंतचे जोड तपासा.

कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीला हाच त्रास असेल तर एअर क्लीनरचं झाकण काढून चोक ओढा. आतली झडप पूर्ण मिटली पाहिजे. केबल सैल पडली की ती अर्धीच मिटते.

एक कळकळीची विनंती. एअर क्लीनरपुढे पेटता बोळा धरून गाडी सुरू करायची पद्धत अजून गावागावात दिसते. ती सोडा. ज्वाला आत ओढली जाते, बॅटरीतून निघणारा वायूही पेट घेऊ शकतो आणि धरणाऱ्याचा हात, तोंड तिथेच असतं. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो.

बॅटरी, अर्थ, प्लग, डिझेल सगळं ठीक निघालं आणि तरी पांढरा धूरच येत असेल, तर नोझल (डिझेल फवारणारी तोटी) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांची शंका घ्या. हे काम मिस्त्रीचं. गाडी रात्रीच त्याच्या दारात लावून या म्हणजे सकाळी त्याला ती गारच मिळेल, आणि कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे पाहिल्याशिवाय हेड उघडू देऊ नका.