प्लास्टिक कमी करायला दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा

आमच्याकडे रोज दोन दुधाच्या पिशव्या येतात. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका. चीर देऊन तसाच लटकू द्या. तो चिमुकला तुकडा सुटला की कुणीही वेचत नाही, मग तो गटारात जातो. रिकामी पिशवी उभी चिरा, ओशटपणा जाईपर्यंत धुवा आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घाला. नीट धुतली नाही तर वास मारते. कोरड्या पिशव्यांचा गठ्ठा आमचा भंगारवाला दर महिन्याला घेऊन जातो.

भाजीसाठी जुन्या सुती साडीच्या लहान पिशव्या शिवा. मिरच्या एकीत, टोमॅटो दुसरीत. कोथिंबीर निवडून ओलसर पंच्यात गुंडाळली की फ्रिजमध्ये छान टिकते. मासे-मटणाला स्टीलचा डबा न्या, रिकाम्या डब्याचं वजन आधी करून घ्या.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तरी मंडईत त्या सर्रास दिसतात. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून भाजीवाल्या मावशींनी पिशवी ओढण्याआधीच आपली पुढे करायची. कापडी पिशव्या दाराजवळच्या खिळ्यालाच टांगा, धुतल्यावर परत तिथेच.