फुलझाडांना आच्छादन घालताय? या चुका टाळा

मार्चमध्ये वाफ्यावर पाचोळा अंथरला की वर्षभराची काळजी मिटली, असं मलाही वाटायचं. उन्हाळाभर मोगरा खूश होता. रोजचं पाणी तिसऱ्या दिवशी दिलं तरी भागत होतं. जुलैत मात्र दोन झाडांनी एकाएकी माना टाकल्या. पाचोळा बाजूला केला तर बुंध्याची साल काळपट, लिबलिबीत, नखाने सुटून येणारी. एप्रिलमध्ये जो थर माती गार ठेवत होता, तोच पावसात खोडाला ओल्या फडक्यासारखा चिकटून बसला होता.

म्हणून पहिल्या मोठ्या पावसाआधी आच्छादन मागे ओढा. खोडाभोवती चार बोटं माती उघडी दिसली पाहिजे; जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाला वीतभर. उन्हाळ्यात दोन-तीन इंच थर चालतो, पावसाळ्यात एक इंच पुरे. तेवढ्याने धो-धो पावसात माती उडून पानांवर बसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाला पुन्हा भर घाला. पाणी तुंबणाऱ्या काळ्या मातीत तर पावसाळाभर थर काढूनच ठेवलेला बरा.

थराखाली पांढरे धागे दिसले की अनेकजण घाबरून बुरशीनाशक ओततात. पाचोळ्यातच पसरलेले धागे पाला कुजवणाऱ्या बुरशीचे, त्यांना हात लावू नका. पण तशीच पांढरी बुरशी खोडाला कापसासारखी लागली असेल आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती मूळकुज-खोडकुजीची. मोगरा आणि निशिगंध दोघांनाही ती धरते. ते झाड भोवतालच्या मातीसकट उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

आता पाण्याचं. कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर कोरडेपणाच झाकला जातो. आधी वाफा पोटभर भिजवा, मग पाला घाला. आंबा-फणसाची रुंद, चिवट पानं अख्खी टाकली की कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी वरूनच निसटतं. ती चुरडून टाका. झारीने वरवर शिंपडलेलं पाणीही पाचोळाच पिऊन टाकतो. खात्री करायची तर बोट थराखाली मातीत खुपसून बघा, वरचा ओलावा फसवा असतो.

लाकडाच्या भुशाने नत्र कमी होतं आणि पानं पिवळी पडतात, ही भीती अर्धीच खरी. भुसा वर राहिला तर मुळं जुनी असलेल्या झाडांना फारसा त्रास होत नाही. खुरपताना तो मातीत मिसळला की गडबड होते. तसं झालंच असेल तर शेणखत किंवा पेंड द्या. ताजं कापलेलं हिरवं गवत मात्र जाड थरात टाकू नका, ते तापतं आणि आंबट वास सुटतो. दोन दिवस उन्हात वाळवून घ्या. बी धरलेलं गवत तर आणूच नका, नाहीतर गाजरगवताची पेरणी आपल्याच हाताने होते.

लव्हाळा पाचोळ्याने दबत नाही. गाठीसकट खणून काढल्याशिवाय वर काहीही घातलं तरी आठवड्यात टोकं वर येतात.

भाजीच्या शेतातला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर घरच्या फुलबागेत कशाला आणतात, मला कळत नाही. टोमॅटोला तो उत्तम. पण सोनटक्का, कर्दळ, निशिगंध जमिनीखालून पसरतात. त्यांचे नवे कोंब बिचारे प्लास्टिकला डोकं आपटून वाकडे होतात.

आणि पावसात पाचोळ्यावर पिवळा, फेसाळ गोळा आला, अगदी कुणी ओकल्यासारखा दिसणारा, तरी झाडाला त्याचा काही धोका नाही. पाहवत नसेल तर फावड्याने उचला. नाहीतर काही दिवसांत तो वाळून त्याची भुकटी होते.